आधी हात, मग डोळे : स्वरलिपी वाचायला आणि मात्रा मोजायला शिकताना

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-नेरूळला संध्याकाळच्या गाण्याच्या क्लासांना चाळिशी-पन्नाशीतली बरीच मंडळी नाव घालतात. त्यांतले बहुतेक पहिल्याच आठवड्यात स्वरलिपीचं पुस्तक आणतात. उघडून बघतात तर देवनागरीच! सा, रे, ग, म. वाचता येतंय की, म्हणून जिवात जीव येतो. मग ते वाचायला लागतात आणि तोंडातून बाहेर पडतं ते गाणं नसतं, अक्षरांची यादी असते.

कारण त्या पानावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. कोणता स्वर, ही एक. तो केव्हा आणि किती वेळ, ही दुसरी. पहिली अक्षरांत आहे, ती लगेच दिसते. दुसरी उभ्या रेघांत, आकड्यांत, अक्षरांखालच्या कंसांत आणि छोट्या आडव्या रेघांत आहे. ती नुसती बघून कळत नाही, हाताला कळावी लागते. म्हणून नव्या विद्यार्थ्याला माझं सांगणं एकच असतं : पुस्तक आणलंत ते चांगलं केलंत, आता काही आठवडे ते मिटून ठेवा आणि मात्रा मोजायला शिका. हात ज्या लयीत स्थिर झाला, त्याच लयीत डोळे पानावरून चालू शकतात. हा क्रम उलटा केला की माणूस वर्षभर अडखळत वाचत राहतो आणि आपल्याला लिपी कठीण जाते असं समजतो. लिपी खरं तर चार दिवसांत समजते. वेळ लागतो तो मोजण्याला.

सामान फारसं लागत नाही. फोनवर तबला आणि तानपुरा देणारं एखादं ॲप, पेन्सिल, आणि मुलांची गणिताची चौकटीची वही. ही वही जरूर घ्या. एक चौकट म्हणजे एक मात्रा, हे पुढे फार कामाला येणार आहे. घरात पेटी असेल तर उत्तम.

लय हाताला लावणं

मात्रा म्हणजे मोजायचं एकक. ती सेकंदाएवढीच असते असं नाही. लय ठरवली की मात्रेची लांबी ठरते आणि मग ती शेवटपर्यंत तेवढीच राहायला हवी. ॲपमध्ये लयीचा आकडा असतो, तो मिनिटाला किती मात्रा हे सांगतो. ६० वर ठेवलंत तर प्रत्येक मात्रा एका सेकंदाची होते. सुरुवात इथूनच करा.

पहिले काही दिवस फक्त एवढंच : ६० च्या ठोक्याला मांडीवर हात, तोंडानं एक-दोन-तीन-चार, पुन्हा एक-दोन-तीन-चार. पाच मिनिटं पुरतात. मग ठोका बंद करून तसंच चालू ठेवा आणि अर्ध्या मिनिटानं परत सुरू करून बघा, आपण पुढे गेलो की मागे पडलो. नवशिका जवळजवळ नेहमी पुढे गेलेला असतो. ज्यांना बसून कंटाळा येतो त्यांनी तलावपाळीला फेरी मारताना हे करावं. मासुंदा तलावाच्या कडेनं चालताना प्रत्येक पाऊल एक मात्रा, आणि दर चौथ्या पावलानंतर मोजणी पुन्हा एकपासून. संध्याकाळच्या गर्दीत पावलं चुकतात, सकाळी लवकर जा.

इथे एक सवय लावून घ्या, नंतर लागत नाही : मोठ्यानं मोजायचं. मनात मोजलेलं सोयीनं लांबतं आणि आखडतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

टाळी, खाली आणि सम

आपल्या संगीतात मात्रा सरळ रेषेत पुढे जात नाहीत, त्या गोल फिरतात. एक फेरी म्हणजे आवर्तन. फेरी जिथून सुरू होते ती पहिली मात्रा म्हणजे सम. आवर्तनाचे छोटे भाग पाडलेले असतात, ते विभाग किंवा खंड. काही विभागांच्या सुरुवातीला टाळी वाजवतात. काहींच्या सुरुवातीला टाळी न वाजवता हात बाजूला नेऊन तळवा वर करतात, ती खाली. तबल्यावर या मात्रा ज्या ठरलेल्या बोलांत वाजतात, तो त्या तालाचा ठेका.

लिहिताना समेला ×, खालीला ०, आणि बाकीच्या टाळ्यांना २, ३, ४ असे आकडे देतात. २ हा आकडा ‘दुसरी टाळी’ सांगतो, दुसरी मात्रा नव्हे. हा घोटाळा इतक्यांचा होतो की तो पहिल्याच दिवशी सांगून टाकलेला बरा.

सगळ्यात लहान दादऱ्यापासून सुरुवात करा. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग :

× धा धी ना | ० धा ती ना |

पहिल्या ‘धा’ला टाळी, चौथ्या मात्रेच्या ‘धा’ला हात बाजूला. मधल्या मात्रा बोटांवर मोजायच्या. तोंडानं आधी आकडे म्हणा, एक ते सहा. हात न चुकता चालला की आकड्यांच्या जागी बोल घाला. मग केरवा, आठ मात्रा :

× धा गे ना ती | ० न क धी ना |

भजनी ठेकाही आठ मात्रांचाच असतो. सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळाच्या डब्यात जागा मिळाली तर टाळांच्या आवाजाबरोबर आठ मोजत जा. कोणत्याही ॲपपेक्षा हा सराव पक्का होतो, कारण तिथे चुकलात तरी पुढच्या आवर्तनात परत सामील होता येतं. मात्रा हुकली की थांबायचं नाही, पुढची सम पकडायची. वाचनातही हेच लागणार आहे.

त्यानंतर त्रिताल. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग :

× धा धिं धिं धा | २ धा धिं धिं धा | ० धा तिं तिं ता | ३ ता धिं धिं धा |

टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, खाली नवव्या मात्रेला. बोटांवर मोजायची जुनी रीत इथे सोपी पडते. अंगठा करंगळीच्या पेरांवरून वर चढवत न्यायचा, तीन पेरं आणि टोक धरून एका बोटावर चार मात्रा. चार बोटांच्या सोळा होतात. एकतालाच्या बारा मात्रांसाठी टोक सोडून प्रत्येक बोटाची तीन पेरं धरतात. मांडीवर, ओढणीखाली, खिशात, कुठेही हे करता येतं.

आता त्रितालातली एक खूण कानानं ओळखायला शिका, कारण ती तुम्हाला मैफिलीतही कामी येईल. धा आणि धिं वाजताना उजव्या हाताच्या तबल्याबरोबर डाव्या हाताचा डग्गा घुमतो. ता आणि तिं वाजताना डग्गा घुमत नाही. वरचा ठेका पुन्हा बघा. खालीची खूण नवव्या मात्रेला येते, पण तिथे अजून ‘धा’ आहे. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला परत येतो. म्हणजे खर्ज पुन्हा घुमला की तिथून तीन मात्रा (चौदा, पंधरा, सोळा) आणि मग सम. ठेका चालू असताना मध्येच कुणी तुम्हाला खोलीत आणून सोडलं तरी एवढ्यावरून सम सापडते. मी नव्या मुलांना ठेका लावून देऊन डोळे मिटून हेच ऐकायला लावते, आणि ज्या दिवशी त्यांना ती परत आलेली घुमी पहिल्यांदा नीट ऐकू येते त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

विषम विभागांचे ताल

चारचारची सवय झाली की झपताल आणि रूपक घ्या. झपतालाच्या दहा मात्रा, पण विभाग २-३-२-३ :

× धी ना | २ धी धी ना | ० ती ना | ३ धी धी ना |

इथे टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला, खाली सहाव्याला. दहा मात्रा म्हणून पाच-पाच मोजू नका. तसं मोजलं की आकडा बरोबर येतो, पण तालाची चाल हरवते. दोन-तीन, दोन-तीन असंच तोंडानं म्हणा : एक-दोन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन-तीन. ठाण्याहून वाशीच्या गाडीनं जाणाऱ्यांना ऐरोली-रबाळे-घणसोली हा पट्टा यासाठी आयता मिळतो. खिडकीजवळ बसायचं, बोटांवर झपताल चालू ठेवायचा आणि स्टेशन आलं, गर्दी आत शिरली तरी सोडायचा नाही.

रूपकाच्या सात मात्रा आहेत : ती ती ना | धी ना | धी ना. विभाग ३-२-२. याची गंमत अशी की याची समच खाली आहे. पहिल्या मात्रेला टाळी नसते, हात बाजूला जातो; टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. सुरुवातीला हात आपोआप टाळी देऊ बघतो. देऊ देऊ नका.

एका मात्रेत एकापेक्षा जास्त

इथवर प्रत्येक मात्रेला एकच गोष्ट होती. प्रत्यक्ष गाण्यात एका मात्रेत दोन, तीन, चार स्वर येतात, आणि नवशिक्यांचं वाचन बहुतेक इथेच कोसळतं. म्हणून हे स्वर न घेता, नुसत्या शब्दांवर करून घ्या.

लय ५० वर आणा. प्रत्येक ठोक्याला एक शब्द म्हणायचा, आणि त्यातली सगळी अक्षरं सारख्या वजनाची ठेवायची, ऱ्हस्व-दीर्घ विसरून. एका मात्रेत दोन अक्षरं : ठा-णे, ठा-णे. मग तीन : ऐ-रो-ली, ऐ-रो-ली. मग चार : घ-ण-सो-ली, घ-ण-सो-ली. ठोका फक्त पहिल्या अक्षरावर पडला पाहिजे. प्रत्येक शब्द चार-चार वेळा म्हणून न थांबता पुढच्या शब्दावर जा : दोनवरून तीनवर, तीनवरून चारवर, आणि परत. दोनवरून चारवर उडी सोपी असते. दोनवरून तीनवर जाताना लय सरकते, त्यामुळे जास्त वेळ तिथेच द्या. तबलजी हेच तक, तकिट, तिरकिट अशा बोलांनी करतात, आणि पुढेमागे तुम्हीही त्यावर याल.

मूळ लयीला ठाय किंवा बरोबरीची लय म्हणतात. मात्रेत दोन बसवले की दुगुण, तीन बसवले की तिगुण, चार बसवले की चौगुण. त्रितालाचा ठेका दुगुणीत म्हटला की एका आवर्तनात तो दोनदा बसतो. हातानं टाळ्या ठायीतच द्यायच्या आणि तोंडानं बोल दुपटीनं म्हणायचे. तुमची दुगुणीतली दुसरी फेरी हाताच्या नवव्या मात्रेला, म्हणजे खालीवर सुरू झाली पाहिजे. नाही झाली तर कुठेतरी एक बोल गळलाय.

आता पुस्तक उघडा

आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत भातखंडे पद्धतीची लिपी असते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) मुंबईत वाळकेश्वरला जन्मले. वकिली शिकलेला हा माणूस देशभर हिंडला, घराण्याघराण्यांतल्या उस्तादांकडून चिजा (बंदिशी) मिळवल्या आणि त्या क्रमिक पुस्तकांत मराठीतून छापल्या. तोंडी विद्येच्या जगात हे काम किती मोठं होतं, हे पान वाचता यायला लागलं की कळतं. त्यांची चिन्हं थोडी आहेत आणि सुटसुटीत आहेत.

चिन्ह नसलेला स्वर शुद्ध. कोमल म्हणजे त्याहून उतरलेला, तीव्र म्हणजे चढलेला. कोमल रे, ग, ध, नि यांच्याखाली आडवी रेघ (रे॒, ग॒, ध॒, नि॒). तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ (म॑). खालच्या म्हणजे मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब (ध़), वरच्या म्हणजे तार सप्तकातल्या स्वरावर टिंब (सां). मधल्या सप्तकाला काही नाही. हे झालं ‘कोणता स्वर’ याचं उत्तर.

‘किती वेळ’ याचं उत्तर असं. सुटं अक्षर म्हणजे एक मात्रा. अक्षरापुढे आडवी रेघ (-) म्हणजे तोच स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा. ‘ग - -’ म्हणजे ग तीन मात्रा. शब्द असतील तर ते स्वरांच्या खालच्या ओळीत येतात, आणि शब्दातलं अक्षर लांबवायचं असेल तिथे अवग्रह (ऽ) असतो. दोन किंवा जास्त अक्षरांना खालून एक कंस घातलेला दिसला की ती सगळी मिळून एक मात्रा.

त्या कंसासाठी एक नियम पाठ करा : कंसातली अक्षरं आणि रेघा मिळून मोजा, जो आकडा येईल तेवढे मात्रेचे समान तुकडे. ‘सारे’ म्हणजे अर्धी-अर्धी. ‘सा-रे’ म्हणजे तीन तुकडे, त्यातले पहिले दोन सा ला, शेवटचा रे ला. ‘सा-रेग’ म्हणजे चार तुकडे, सा ला दोन, रे आणि ग ला एकेक. ‘-सा’ म्हणजे मात्रेचा पहिला अर्धा भाग मागच्याच स्वरावर रेंगाळायचं आणि मध्यावर सा घ्यायचा. ठाणे, ऐरोली, घणसोली यांचा सराव ज्यासाठी केला ते हेच.

राहिली नक्षी. मुख्य स्वराच्या डोक्याशी डावीकडे बारीक अक्षरात लिहिलेला तो कणस्वर, नुसता शिवून जायचा. दोन स्वरांना वरून जोडणारी कमान म्हणजे मींड. आणि गोल कंसातला एकटा स्वर, समजा (प), म्हणजे वरचा स्वर, तो स्वर, खालचा स्वर, परत तो स्वर, असं चट्‌दिशी : म नसलेल्या भूप रागात ते ध-प-ग-प होईल. पहिल्या वाचनात या तिन्ही गोष्टी सरळ सोडून द्या. साधा स्वर, साधी मात्रा. नक्षी गुरूंच्या गळ्यातून घ्यायची असते, कागद तिची फक्त आठवण देतो.

पेटीवर सा कुठे?

लिपीतला सा म्हणजे पेटीवरची अमुक एक पट्टी नव्हे. सा तुमच्या गळ्याला सोसेल तिथे ठेवायचा. कुणाचा काळी एक, कुणाचा काळी चार. (दोन काळ्यांच्या जोडीतली डावीकडची ती काळी एक, तिच्या लगेच डावीकडची पांढरी एक; तिथून उजवीकडे मोजायचं.) बाकीचे स्वर त्याच्यापासून मोजले जातात. शेजारची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी, एक पाऊल धरा. शुद्ध स्वर सा पासून अनुक्रमे २, ४, ५, ७, ९ आणि ११ पावलांवर असतात. कोमल रे १, कोमल ग ३, तीव्र म ६, कोमल ध ८, कोमल नि १०. सा काळी एकला धरून हे एकदा स्वतः मोजून काढा. रे काळी दोनवर, ग पांढरी चारवर, म काळी तीनवर, प काळी चारवर, ध काळी पाचवर यायला हवेत.

हे पक्कं होण्यासाठी मला फार आवडणारा एक प्रयोग आहे. फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीनला सा समजून चढत गेलात तर सा रे ग प ध मिळतात, तो भूप. त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी एकला धरला तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. काळी पाचला सा धरला तर सा ग॒ म ध॒ नि॒, मालकंस! पट्ट्या बदलल्या नाहीत, फक्त सा बदलला. तानपुरा त्या त्या पट्टीत लावून हे ऐका. सा ठरल्याशिवाय एकही स्वर वाचता येत नाही, हे समजावून सांगायला मला याहून चांगला मार्ग सापडलेला नाही.

पान वाचायचा क्रम

सरावासाठी भूपातल्या या दोन ओळी इथेच रचून देते. ताल त्रिताल. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक अक्षर असं उतरवून घ्या आणि दर चार चौकटींनंतर ठळक रेघ मारा.

० सा रे ग प | ३ ध सां ध प | × ग - रे ग | २ प ग रे सा |

० ग ग प ध | ३ सां - सां - | × ध सां रें सां | २ ध प ग रे |

पहिल्यांदा काय खटकलं? ओळ × पासून नाही, ० पासून सुरू होते. मध्यलयीतल्या त्रितालाच्या पुष्कळ बंदिशी खालीपासून म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात आणि आठ मात्रांनी समेवर येतात. म्हणून कोणतंही पान समोर आलं की आधी × शोधा आणि त्याखालच्या स्वराभोवती पेन्सिलीनं गोल करा. वरच्या पहिल्या ओळीत तो ग आहे, भूपाचा वादी म्हणजे मुख्य स्वर. तुमची सगळी ओळ त्या ग कडे निघाली आहे.

मग हात सुरू करा. ठेका ६० वर लावा, म्हणजे एक आवर्तन १६ सेकंदांचं होईल. पहिल्या फेरीत गायचं नाही, वाचायचंही नाही. टाळी-खाली देत बोट चौकटींवरून सरकवायचं, बोट आणि ठेका समेला एकत्र येतात का ते बघायचं. दुसऱ्या फेरीत स्वरांची नावं सुरात न गाता, बोलल्यासारखी, तालात म्हणायची. रेघेच्या जागी मागचाच स्वर लांबवायचा, गप्प बसायचं नाही. पाच-सहा आवर्तनं अशी न अडखळता झाली की तानपुरा लावा आणि मगच गा. पेटीची मदत घेणार असाल तर आधी पेटीशिवाय गाऊन बघा, मग पेटीवर तपासा. बोटांनी आधी वाजवून मग त्यामागे गायलं की आपण पान वाचत नाही, पेटीची नक्कल करतो.

वाचताना डोळे गात असलेल्या स्वरावर नको, एक विभाग पुढे हवेत. हे जमायला वेळ लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन गाऊन होतोय तो विभाग झाकत जा, म्हणजे डोळ्यांना पुढे जाण्यावाचून इलाज राहत नाही.

ओळ साफ झाली की लय चार-पाच आकड्यांनी वाढवा, एकदम दुप्पट नको. जिथे अडखळता तेवढ्याच दोन मात्रा सुट्या काढून घासा, पण लगेच त्या मागच्या आणि पुढच्या विभागासकट म्हणा. सुटी बसलेली जागा ओळीत परत सुटते. दुसऱ्या ओळीत ‘सां - सां -’ इथे लोक हटकून घाई करतात, कारण रेघ रिकामी वाटते. तिथे हातावर लक्ष ठेवा.

वाशीची परीक्षा, आणि दुसरी लिपी

या भागात राहणाऱ्यांना एक फायदा आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्य कार्यालय वाशीला आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि त्यांच्या परंपरेतून १९३१ मध्ये हे मंडळ उभं राहिलं. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंत त्याच्या परीक्षा होतात, वर्षातून दोन सत्रांत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी प्रारंभिक जरूर द्यावी. खालच्या परीक्षांतही ठेका हातानं टाळी-खाली दाखवत म्हणावा लागतो, त्यामुळे मोजण्याचा आळस राहत नाही.

मात्र जुनी पुस्तकं हाताळताना सावध राहा, कारण पलुस्कर पद्धतीची लिपी वेगळी आहे. तिच्यात सम १ नं आणि खाली + नं दाखवतात, कोमल स्वराचा पाय मोडलेला असतो, आणि स्वरावरचं टिंब तार नव्हे तर मंद्र सप्तक सांगतं. तारसाठी डोक्यावर उभी रेघ. भातखंडे लिपीत तीच उभी रेघ मध्यमावर तीव्रतेसाठी असते. दोन्ही लिप्या मिसळल्या तर पूर्ण सप्तकं उलटीपालटी होतात. पुस्तक घेतलं की पहिली पानं चाळून चिन्हांची यादी बघा आणि वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवा.

मुलं कीबोर्ड किंवा गिटारच्या क्लासला जात असतील तर घरात पाश्चात्त्य नोटेशनही दिसेल. त्यात पाच आडव्या रेघांवर टिपके असतात. ट्रेबल क्लेफमध्ये खालून वर रेघांवर ई, जी, बी, डी, एफ आणि मधल्या जागांत एफ, ए, सी, ई. फरक लक्षात ठेवायचा तो एवढाच की तिथली सी ही कायमची एकाच पट्टीवर असते, आपला सा हलतो. आणि स्वराची लांबी अक्षरापुढच्या रेघेनं नव्हे, टिपक्याच्या आकारानं कळते. मोजणं मात्र तेच. ज्याचा हात त्रितालात स्थिर झालाय त्याला चार मात्रांचा बार (तिथला विभाग) अवघड जात नाही.

ऐकून लिहिणं

वाचता येऊ लागलं की महिन्याभरात उलटा सराव सुरू करा : ऐकायचं आणि लिहायचं. माहीत असलेल्या एखाद्या अभंगाचं किंवा भावगीताचं फक्त धृवपद घ्या. आधी ताल ओळखा, सहाचा की आठचा. मग वहीत रिकाम्या चौकटी आखा, × आणि ० मांडा, आणि पहिल्यांदा त्यांत फक्त शब्दांची अक्षरं भरा, कोणतं अक्षर कोणत्या मात्रेवर पडतं ते ऐकून. स्वर सगळ्यात शेवटी. शब्द चौकटींत बसले की निम्मं काम झालेलं असतं. ही वही दर आठवड्याला गुरूंना दाखवा आणि त्यांच्यासमोर तिच्यावरूनच गा. कुठे अडलात ते तुम्हालाही तिथल्या तिथे दिसेल.

मैफिलीही याच कामासाठी ऐका. ठाणे हे गायक पंडित राम मराठ्यांचं गाव, लयीवरची त्यांची हुकमत जाणकार अजून सांगतात. त्यांच्या नावानं ठाणे महापालिका समारोह भरवते. गडकरी रंगायतनला किंवा घाणेकर नाट्यगृहात बसलात की विलंबित ख्यालाच्या वेळी मोजायचा हट्ट धरू नका. तिथला एकताल इतका संथ असतो की बारातली एकेक मात्रा चार तुकड्यांची होते आणि नवशिका हरवतो. नुसतं ऐका. द्रुत म्हणजे जलद बंदिश सुरू झाली की डग्ग्याची घुमी पकडा, बोटांवर पेरं मोजा आणि सम आली की शेजारच्या जाणत्या रसिकांची मान हलते का तिकडे बघा.

भूप झाला की दुर्गा, मग यमन घ्या म्हणजे म॑ ची उभी रेघ डोळ्यांत बसेल, आणि त्यानंतर काफी, ज्यात ग॒ आणि नि॒ आहेत. ताल त्याच वेळी बदलू नका. नवा राग ओळखीच्या त्रितालात, आणि नवा ताल ओळखीच्या भूपात.